माशांसाठी स्पीकर

लग्नात, सभेत, दुकानाच्या उद्घाटनात स्पीकर लावणं हा माझा धंदा. माशांसाठी स्पीकर लावायची वेळ आली ती ताईमुळे.

ताई प्रवाळाची अभ्यासक. मध्यंतरी एका उन्हाळ्यात समुद्र इतका तापला, की आमच्या बेटासमोरचा प्रवाळाचा खडक पांढराफटक पडला आणि मासे पसार झाले. ताईने प्रवाळाचे जिवंत तुकडे आणून खडकावर लावले, पण मासे काही फिरकेनात. मासे नाहीत म्हणजे शेवाळ खायला कोणी नाही, आणि शेवाळ माजलं की नवं प्रवाळ गुदमरणार. या हंगामात माशांची पिल्लं आली नाहीत, तर तिचं इथलं संशोधन केंद्र बंद आणि तिची बदली दूरच्या शहरात. मला ते नकोच होतं. ती डोकं खाते, पण ती गेल्यावर मी भांडू कोणाशी?

"जिवंत खडक आवाज करतो रे," ती म्हणाली. "कोळंब्या तडतडतात, मासे घुरघुरतात. तो आवाज ऐकून पिल्लं तिथे मुक्कामाला येतात. याच खडकाचं जुनं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

"म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये टाळ्यांची कॅसेट लावायची?"

"तेच समज. आणि बडबड पुरे, पाणी न शिरणारा डबा बनव."

बनवला. स्पीकर खडकाजवळ बुडवला, बॅटरी वर तरंगत्या पिंपात ठेवली. हंगाम सरत आला तसे आम्ही होडीतून तपासायला गेलो. पाणी गढूळ झालेलं, खाली काही दिसेना. ताई पुढच्या टोकाला पाण्यात माईक सोडून, हेडफोन लावून पाठमोरी बसली. मी मागे स्पीकर वर ओढला, तर डब्यात पाणी! आतलं सगळं गंजून गेलेलं. किती दिवस तो मुका होता कोण जाणे. डबा माझा, गळती माझी, आणि शिक्षा ताईला.

कसं सांगावं याची जुळवाजुळव करतोय, तोच ती ओरडली, "अरे, काय मस्त वाजतोय! फक्त आवाज जरा कमी कर."

"ताई..."

"कमी कर म्हणते ना! मासे बहिरे नाहीत."

"ताई, मागे बघ."

ती वळली. स्पीकर माझ्या मांडीवर होता आणि त्यातून पाणी गळत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. तिचे डोळे भरून आले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाली, "गप्प बस जरा. ऐकू दे."