पोकळ संतातली काटीता

देव्हाऱ्यातला संत जोझे चोरीला गेला याचं किटेरियाला काहीच वाटलं नाही. पावसाचा महिना मार्च उजाडला तरी आभाळ कोरडं ठणठणीत असलं, की कुणाच्या तरी घरचा संत जोझे चोरावाच लागतो. परक्या घरात अडकला की त्याला स्वतःचं घर आठवतं, आणि तो पाऊस पाडतो. मग चोर गाणी म्हणत, ढोल वाजवत त्याला परत आणून ठेवतात. तोवर मालकिणीने हूं की चूं करायचं नाही. चोर कोण हे सगळ्या आळीला ठाऊक असतं, तिलाही. या खेपेची चोर होती भिंतीपलीकडची झुल्मिरा. ती किटेरियाच्या मुलाची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत आणि तीस वर्षं एकमेकींच्या खोड्या काढत.

किटेरियाला घोर लागला तो वेगळ्याच कारणाने. संत लाकडाचा, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत मियूडा झोपली होती.

मियूडा म्हणजे किटेरियाची काटीता. उंदराएवढं जनावर, पण उंदीर म्हटलेलं किटेरियाला खपत नसे. तोंड टोकदार, शेपूट आखूड, आणि त्या शेपटीत गुंडाळून किटेरियाच्या लेसचे धागे पळवायची खोड. दिवसभर संताच्या पोटात झोपायची आणि अंधार पडला की विंचू फस्त करायची, आधी नांगी, मग बाकीचा. उकडलेल्या अंड्याचा बलक दाखवून किटेरियाने तिला माणसाळवलं होतं. कारण होती सून. गेल्या वर्षी गरोदर सुएलीच्या चपलेत विंचू निघाला, तेव्हा तिने शपथ घेतली होती, “पुन्हा एक जरी दिसला ना आई, तर बाळाला घेऊन तशीच रेसिफेला परत.” बाळ चार महिन्यांचं झालं, आजीने अजून पाहिलं नव्हतं. शनिवारी येणार होतं.

मंगळवारी न राहवून किटेरिया एक उकडलेलं अंडं घेऊन पलीकडे गेली.

“कुणी पाहुणा आलाय का गं तुझ्याकडे, कोमाद्रे?”

“छे! कोण येतंय माझ्याकडे?” झुल्मिराने कॉफी ओतली. “पण चार दिवसांत घरात विंचू नाही की झुरळ नाही. कुणाची कृपा, कोण जाणे.”

“कृपाच हो,” किटेरिया दात आवळून म्हणाली. “हे अंडं ठेव. त्या कृपेला.”

यापुढे बोलायची सोय नव्हती. एक तर रीत, आणि संताच्या पोटात जनावर पाळलं हे पाद्रीबाबांच्या कानावर गेलं असतं तर तिची धडगत नव्हती.

शुक्रवारी सकाळी साठीची किटेरिया शिडीवर चढली आणि टाकीतलं प्यायचं पाणी, चांगले तीन डबे, तिने स्वतःच्या कौलांवर ओतले. पागोळ्या गळल्या की पाऊस झाला, असा आळीचा कायदा होता. मग ती रस्त्यात उभी राहून ओरडली, “पाऊस पडला! आणा माझा संत!”

ढोल वाजवायला मिळतोय म्हटल्यावर आळी कशाला वाद घालते? झुल्मिरा मात्र संताला पांढऱ्या कापडात धरून दारात थबकली.

“माझं छप्पर कोरडं, अंगण कोरडं. एवढुसा पाऊस तुझ्याच डोक्यावर पडला?”

“संत जोझे सुतार माणूस. मापात काम करतो.”

आळी खो खो हसली. झुल्मिराने संत पुढे केला. हातात घेताच किटेरियाला कळलं. संत हलका होता. आत लेसचे चार धागे आणि अंड्याचं टरफल.

“खोट्या पावसाला रिकामा संत,” झुल्मिरा तिच्या कानाशी लागून म्हणाली. “खरा पाऊस पाड, मग उरलेलं देते.”

शनिवारी सकाळी किटेरियाला पेटीखाली विंचू सापडला, दुपारी मोरीत दुसरा. सुएली बाळाला घेऊन दारात आली तेव्हा किटेरियाने तिला उंबरासुद्धा ओलांडू दिला नाही. तिथूनच तिला वळवून झुल्मिराच्या दारात उभी केली.

“आठवडाभर हिच्याकडे राहायचं गं. इथे औषधाला विंचू नाही. हो ना कोमाद्रे?”

झुल्मिराला नाही म्हणता येईना. किटेरिया मनातल्या मनात टाळ्या पिटत घरी आली. बाळ आईसारखंच रडकं असणार, उद्या कंटाळून हीच बाई काटीता आणून पायावर घालेल!

दुसऱ्या दिवशी काहीच आलं नाही. भिंतीपलीकडून झुल्मिराच्या गाण्याचा आवाज येत होता आणि बाळ चक्क खिदळत होतं. किटेरिया पाय खुर्चीवर घेऊन एकटीच मक्याचा कुस्कुस खात बसली होती. काटीताही गेली, नातूही गेला. दोन्ही स्वतःच्या हाताने घालवले. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

तिने रात्री झोपायचा टांगता झोळणा आकड्यांवरून सोडला, खांद्यावर टाकला, संताला काखोटीला मारलं आणि पलीकडे गेली.

झुल्मिराच्या कडेवर बाळ होतं. चुलीवर टांगलेल्या सुक्या पोकळ भोपळ्यातून मियूडाचं नाक डोकावत होतं.

“आता काय?” झुल्मिराने विचारलं. “दोन काटीता एका घरात ठेवल्या तर एकमेकींना फाडतात, तूच सांगतेस ना?”

किटेरियाने संत तिच्या फळीवर ठेवला.

“हा पुन्हा चोर,” ती म्हणाली. “आणि या खेपेला मलाही.”

झुल्मिराने दारातून आभाळाकडे पाहिलं. ढगाचा मागमूस नव्हता. तिने नातू किटेरियाच्या हातात दिला आणि झोळण्याचा दोर स्वतःच्या भिंतीतल्या आकड्याला बांधायला घेतला.