उरलेला पिवळा रंग

आमच्या आयोवातल्या छोट्या चर्चमध्ये स्पीकरच्या जाळ्यांवरचा जुना फोम चुरा होऊन बाकांवर पडायला लागला. मी जाळ्या काढून नवा फोम चिकटवला, तर तो काळा दिसतो, भिंतीसारखा पिवळा हवा, असं चर्चमधल्या बायकांनी ठरवलं. ठरवायला यांचं काय जातं? भिंतीचाच उरलेला रंग मी रागारागाने जाड फासला. वाळल्यावर फोमची सगळी भोकं बुजली.

रविवारी पास्टरची बायको लव्हॉन गायला उभी राहिली. तिचा वरचा सूर लागला की म्हातारे कानातली यंत्रं बंद करतात. या वेळी सूर गोधडीतून यावा तसा मऊ आला. एकाचाही हात कानाकडे गेला नाही.

प्रार्थना संपताच लव्हॉन तरातरा माझ्याकडे आली. मी आधीच म्हटलं, "चुकलं माझं. उद्या बदलतो जाळ्या."

"खबरदार हात लावलास तर, हार्लन. आयुष्यात पहिल्यांदा माझं गाणं मला सोसवलं."

माझा जीव भांड्यात पडला.

दारात अजूनही लोकांना उपदेश करत उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "रंग उरलाय का रे? त्याच्या माईकवरही फोमच आहे."