अंगठ्याला बांधलेली दोरी

लढाई संपून बरेच दिवस झाले होते, पण ही बातमी त्याच्या झोपेपर्यंत काही पोचली नव्हती. जागेपणी माणूस मुंगीलाही दुखवणार नाही असा. बेकरीत रात्रभर भट्टी सांभाळायचा आणि दिवसा घरी झोपायचा. संध्याकाळी त्याला उठवायचं काम बायकोचं. लढाईवरून परत आला त्याच आठवड्यात तिने खांद्याला हात लावून उठवलं, तर डोळे न उघडताच त्याने तिचा हात पिरगळून मोडला. शेजारणींना तिने सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. त्यांना ते पटलं नाही, पण तोंडावर तसं कोण म्हणणार?

दोरीची युक्ती त्याचीच. एक टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं बंद दाराखालून स्वयंपाकघरात. तिने तिथून दोनदा ओढायचं आणि "उठलोय, ये" असं ऐकू आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

"पुन्हा कुणाला माझ्या हातून इजा झाली, तर मी या घरात राहणार नाही," असं त्याने बजावलं होतं. हा बोलला की करतो, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे ती दोरीला जिवापाड जपायची.

मग सासूबाई राहायला आल्या. डाव्या कानाने ठार बहिऱ्या, पण त्या कानाची कसर नजरेने भरून काढणाऱ्या. दोरी पाहून त्यांचं पित्त खवळलं.

"माझ्या गुंड्याला गुरासारखं बांधलंस?"

"आई, त्यांनीच बांधलीय. झोपेत त्यांना माणूस ओळखू येत नाही हो."

"तुला उठवता येत नाही म्हण! कपाळावर हात ठेवला की हसत उठायचं माझं पोर. आईचा हात नाही ओळखणार होय?"

हे सुनेच्या फार जिव्हारी लागलं. आपला हात त्याने ओळखला नव्हता, हे शल्य होतंच. अजून बोलले तर तोंडातून भलतंच निघेल, म्हणून ती तणतणत दूध आणायला गेली. तिथेच चुकलं तिचं.

परत आली तर खोलीचं दार सताड उघडं. दोरी सोडून, नीट गुंडाळून ओट्यावर ठेवलेली. आत तो आईच्या छातीवर बसला होता आणि दोन्ही अंगठे तिच्या गळ्यात रुतवले होते. म्हातारीच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. चेहरा काळानिळा पडला होता. त्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. "हलू नकोस, हलू नकोस," असं तो अगदी हळू आवाजात म्हणत होता.

सून किंचाळली. तिने त्याचे केस ओढले, मनगटाला कडकडून चावली. त्याने कोपराचा असा तडाखा दिला की तिचा दात तुटून जिभेवर आला. तेव्हा तिला दोरी आठवली. तिने धावत जाऊन ती आणली, त्याच्या पायाला वेढा घातला आणि दोनदा ओढली.

हात सुटले. "उठलोय," तो म्हणाला, आणि मग त्याने खाली पाहिलं.

बराच वेळ म्हातारी नुसती खोकत होती. तिच्या गळ्यावर त्याची बोटं जशीच्या तशी उठली होती. त्याने बूट ओढला आणि पायात घालू लागला.

"कुठे निघालास?" आईने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मला कुणी उठवायला येणार नाही, अशा ठिकाणी."

म्हातारी फरफटत पुढे आली आणि तिने त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला.

"आई, मी तुला मारून टाकलं असतं."

"तुझा बापही टाकणार होता." तिने डाव्या कानाला हात लावला. "हा तापाने नाही गेला. तो त्याच्या लढाईवरून आला तेव्हा मी त्याला उठवायला गेले होते. जन्मभर सगळ्यांना ताप सांगितला."

"मग दोरी का सोडलीत?" रक्त थुंकत सून ओरडली. तिला सासूचा संताप आला होता आणि रडूही येत होतं.

"वाटलं, हा तरी अख्खा परत आला असेल."

म्हातारीने त्याचा बूट काढला आणि अंगठ्याला दोरी बांधली. मग सुनेचा हात धरून उठली. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"ओढ," सासू म्हणाली.

सुनेने दोनदा ओढली. सासूने चांगला कान दाराला लावला आणि सुनेचं मनगट घट्ट पकडलं.

"उठलोय," तो अखेर म्हणाला. "या."