काळ्या कापडाखालचं कार्ड

मित्रांनो, मला कोणी जुनं म्हटलं तर आता वाईट वाटत नाही. मी आहेच एक जुनं ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे काही धावतं, वळतं, उडतं, ते रंगवायचं माझं काम. मी पोटात बसतो, अंधारात. चित्र छान दिसलं की लोक पडद्याचं कौतुक करतात. अडखळलं, की मात्र सगळ्यांना माझी आठवण होते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या छातीवर दोन पंखे बसवले आणि मला खोक्यात घातलं. पहिली काही वर्षं एका थंड देशातल्या कचेरीत गेली. तिथे मला घरांचे नकाशे रंगवायला लावत. एकही घर कधी जागचं हललं नाही. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जाणार. मग त्यांनी नवं कार्ड आणलं आणि मी बाकीच्या जुन्या सामानाबरोबर जहाजातून घानाला आलो. कुमासी शहरात, आदुमच्या बाजारात ओटेंग नावाचा माणूस जुने कॉम्प्युटर विकतो, त्याच्या टपरीवर माझी धूळ झटकली गेली.

ओटेंगने मला आपल्या मेहुण्याच्या, बोआदींच्या, कॉम्प्युटरमध्ये बसवलं. बोआदी मालट्रक चालवायचे, कुमासीहून उत्तरेला तामालेपर्यंत. आठवडाभर ट्रक हाकून रविवारी घरी आले, की चर्च आणि फुफूचं, म्हणजे कंद कुटून केलेल्या गोळ्यांचं, जेवण उरकून हा माणूस काय करी? पडद्यावर गाड्यांच्या शर्यती खेळत बसे. त्यांची बायको दुफिये शिंपीण होती. त्याच खोलीत तिचं शिवणयंत्र असे. चाक फिरवून फिरवून हात दुखत नाहीत का, असं ती दर रविवारी विचारायची. यात रस्त्यावर बकऱ्या आडव्या येत नाहीत, असं ते दर रविवारी सांगायचे. त्यांच्या मांडीवर बसून त्यांची लेक अफ्रिये शर्यत शिकली. मांडीत मावेनाशी झाली तेव्हा शेजारी स्टुलावर बसू लागली. बोआदींनी तिला एकच मंत्र दिला होता: वळणावर आधी डोळा वळवायचा, गाडी मागून येते.

मित्रांनो, नकाशे रंगवणाऱ्याला असा रस्ता मिळाला! माझे ते सोन्याचे दिवस होते.

मग एका वर्षी हरमॅटनच्या तोंडावर बोआदी आजारी पडले आणि गेले. हरमॅटन म्हणजे वाळवंटाची धूळ घेऊन येणारा कोरडा वारा. तो सुटला की दार लावा, खिडकी लावा, धूळ ताटात येते ती येतेच. दुफियेने रीतीप्रमाणे वर्षभरासाठी काळं नेसलं. आणि अंत्यविधीच्या कापडातला जो तुकडा उरला, त्याचा तिने एक झगा शिवला. आमच्यासाठी, कॉम्प्युटरसाठी! मापात, कोपऱ्यांना दुहेरी शिलाई घालून, पुढे सुरू करायच्या बटणापाशी लहानसा पडदा ठेवून. अफ्रियेच्या बाबांच्या वस्तूवर धूळ बसता कामा नये, एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून मी त्या कापडात होतो. अफ्रिये पडदा वर करून बटण दाबायची, खेळायची, पुन्हा पडदा सोडायची. झग्याला कोणी हात लावत नसे. विधवेच्या काळ्या कापडाला हात लावायचा असतो का? आमच्याकडे नाही.

पण मला श्वास लागतो हो. काम करताना मी तापतो, माझे पंखे गरम हवा बाहेर ढकलतात. ती हवा कापडाला आपटून परत माझ्याच तोंडावर यायची. फार तापलो की मी आपोआप हळू होतो. तो आळस नव्हे, जळू नये म्हणून केलेली सोय आहे. वर शिवणयंत्राच्या धाग्यांचे तुकडे आत येऊन पंख्यांत अडकले. वर्ष सरत आलं तोवर माझी चित्रं ठेचकाळायला लागली होती.

आणि नेमकी त्याच वर्षी अफ्रिये कॉम्प्युटरवरच्या शर्यतींच्या शहर स्पर्धेत उतरली. सुरुवातीच्या फेऱ्या घरूनच खेळायच्या होत्या. अंतिम फेरीला ज्याने त्याने आपापलं यंत्र घेऊन बांटामाच्या सभागृहात यायचं. बोआदींना तिथे एकदा खेळायचं होतं. ते राहिलं. म्हणून अफ्रियेला तिथे जायचं होतं, आणि नुसतं जायचं नव्हतं. ती कशीबशी अंतिम फेरीत पोचली, पण घरून खेळलेल्या शेवटच्या शर्यतीत प्रत्येक वळणावर चित्र थांबत होतं. डोळा वळायचा आणि रस्ताच यायचा नाही.

ओटेंगमामाला बोलावलं. त्याने झग्याच्या पडद्याआड हात घातला आणि चटकन मागे घेतला. ताप आहे म्हणाला. झग्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, घसा खाकरला.

"कार्ड म्हातारं झालंय. माझ्याकडे एक चांगलं आलंय, शुक्रवारपर्यंत धरून ठेवतो."

त्याने किमतीचा आकडा सांगितला तशी दुफिये बोटांवर हिशेब करू लागली. मी तर पार गार पडलो, एरवी कधी पडत नव्हतो. म्हातारं कार्ड कुठे जातं ते मी टपरीवर असताना पाहिलंय. तांब्यासाठी जाळतात.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी दुफियेने एक पत्र्याचा डबा अफ्रियेच्या पुढ्यात ठेवला. त्यात तिच्या पांढऱ्या कापडाचे पैसे होते. वर्ष भरलं की विधवा काळं सोडून पांढरं नेसते आणि आभार मानायला चर्चमध्ये जाते. सगळ्या आळीचे कपडे शिवणारी दुफिये त्या दिवशी जुनेर नेसून गेली असती तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती.

"ने हे," ती म्हणाली. "पांढरं काय, पुढच्या वर्षी नेसेन. काळ्याची सवय झालीय आता."

अफ्रियेने डब्याचं झाकण लावलं.

"मला नाही झाली, आई."

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती बाजाराला गेली. मित्रांनो, त्या सकाळइतकी लांब सकाळ मी पाहिली नाही. दार वाजलं. पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आता खोक्याची पट्टी फाडतील, मग स्क्रू काढतील, असं मी म्हणत होतो. आवाज आला तो कापड उलगडल्याचा.

दुफियेने आधी त्या पांढऱ्या कापडाचा पोत बोटांनी पाहिला. शिंपीणच ती. मग लेकीला फैलावर घेतलं.

"शहाणी झालीस! हरशील ना गं त्या खटाऱ्यावर."

"हरले तर हरले. बाबा कुठे रोज जिंकायचे?"

यावर दुफियेला हसू आलं. वर्षभरात त्या खोलीत ते पहिल्यांदा ऐकलं मी. नंतर शिवणयंत्र सुरू झालं आणि थांबलंच नाही.

रविवारी ती चर्चमधून आली ती नखशिखांत पांढरी. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात सूप उकळतंय, कोणी गातंय. ती पाहुण्यांमधून वाट काढत सरळ आमच्या कोपऱ्यात आली. काळ्या झग्यावर हात ठेवला.

"याचंही वर्ष भरलं," म्हणाली, आणि आपल्या हाताने तिने तो झगा वर ओढून काढला.

काय सांगू! वाऱ्याची ती पहिली झुळूक! अफ्रियेने बाजूचा पत्रा काढला. माझ्या पंख्यांतून काय काय निघालं म्हणता? हरमॅटनची लाल धूळ, आणि आळीभरच्या कपड्यांचे धागे. निळे, पिवळे, कोणाच्या लग्नातले, कोणाच्या बारशाचे. दुफियेने शिवणयंत्राचा ब्रश आणून दिला. ओटेंगमामाने कोट काढून ठेवला, मला मोकळं केलं, माझ्या कपाळावर, म्हणजे तापणाऱ्या चिपवर, नवा थंड लेप लावला आणि परत बसवलं.

"कापडामुळे होतंय हे मला वाटलंच होतं, ताई," तो हळूच म्हणाला.

"मग बोलायचं होतंस."

"तुला? तू काळ्यात असताना? मला अजून जगायचंय."

पाहुणे हसले. दुफिये हसली नाही. घडी घातलेल्या झग्यावरून हात फिरवत ती म्हणाली, की मी तर त्याला धुळीपासून जपत होते. अफ्रियेने बटण दाबलं, एक शर्यत लावली, आणि पहिल्याच वळणावर आईच्या गळ्यात पडली. रस्ता आला होता. डोळा वळताक्षणी आला होता.

पुढच्या शनिवारी आम्ही बांटामाला निघालो. दुफियेने मला, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरला, पितळी घमेल्यात ठेवलं, घमेलं डोक्यावर घेतलं आणि पांढऱ्या कपड्यांत ताठ चालत सभागृहात शिरली. तिथे गेल्या वर्षीचा विजेता बाफोर बसला होता. त्याचं नवंकोरं यंत्र सात रंगांत लुकलुकत होतं.

"काकू, टोमॅटो विकायचे असतील तर बाजार पलीकडे आहे," तो म्हणाला.

दुफियेने घमेलं सावकाश खाली उतरवलं.

"टोमॅटो नाहीत, बाळा. मिरच्या आहेत. जपून."

एकेक गडी गळत गेला आणि शेवटी बाफोर आणि अफ्रिये उरले. शेवटचा रस्ता कोणता यावा? कच्चा, लाल मातीचा. पुढे बाफोरची गाडी, तिच्या मागे धुळीचा लोट. पडद्यावरची धूळ रंगवणं आम्हा कार्डांना सगळ्यात जड जातं. एकेक कण वेगळा उडवावा लागतो. पण वर्षभर धूळ खाल्लेल्याला तुम्ही धूळ शिकवणार? कण न् कण उडवला मी, आणि त्या कणांच्या फटींतून शेवटचं वळण अफ्रियेच्या डोळ्यांपुढे ठेवलं. तिचा डोळा आधी वळला. गाडी मागून आली. बाफोर अजून धुळीतून वाट शोधत होता, तेव्हा आमच्या गाडीचं नाक रेघेपलीकडे गेलं होतं.

सभागृह उसळलं. ओटेंगमामा खुर्चीवर उभा राहून, ते कार्ड मीच बसवलंय, असं अनोळखी लोकांना सांगत सुटला. बाफोर उठून आला. आधी अफ्रियेचा हात हातात घेतला, मग दुफियेपुढे मान झुकवली.

"झोंबल्या, काकू."

आमच्याकडे जिंकणाऱ्याच्या अंगावर पांढरी पावडर उधळतात. आळीतल्या बायका डबेच घेऊन आल्या होत्या. अफ्रियेचे केस पांढरे, खांदे पांढरे, दुफियेचं तर काय वेगळं दिसणार! मग एकीला माझी आठवण झाली. यंत्रानेही राबून दिलंय, त्यालाही लावा, म्हणत ती मूठ भरून पुढे आली.

"त्याच्यावर नको!" मायलेकी एकदम ओरडल्या.

दुफियेचा हात आपल्या पांढऱ्या उपरण्याकडे गेला. मला झाकायला. तो अर्ध्यावर थांबला. मग तिने उपरणं परत खांद्यावर टाकलं, घमेलं उचललं आणि मला डोक्यावर घेऊन त्या उधळणीच्या वर, मोकळ्या हवेत धरलं. तशीच ती घरापर्यंत चालत आली.

मित्रांनो, तो काळा झगा टाकला नाही हं कोणी. घडी करून बोआदींच्या फोटोखाली ठेवलाय. मी अजून कामावर आहे. दर हरमॅटनमध्ये दुफिये पत्रा उघडून शिवणयंत्राच्या ब्रशाने माझे पंखे पुसते. कधीतरी नवं कार्ड येईल, यायलाही हवं. पण तुमच्या घरात कोणी, यंत्र असो की माणूस, हळू चालायला लागलं, तर लगेच म्हातारं म्हणून मोकळे होऊ नका. आधी त्याच्या अंगावर काय पांघरलंय ते बघा. बहुतेकदा ते फार मायेने शिवलेलं असतं. म्हणूनच ते काढायलाही मायेचाच हात लागतो.