म्हणे, गाडीत डिझेल नाही!

मित्रांनो, मी पोलिसांची एक जुनी गाडी आहे आणि मला फार राग आलेला आहे. म्हाताऱ्या गाड्यांनी कसं, एका कोपऱ्यात गंजत पडावं आणि जुन्या दिवसांच्या गोड आठवणी सांगाव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते. सांगेन, त्याही सांगेन. पण पोटातलं ओठावर आल्याशिवाय राहणार नाही, हे आधीच बजावून ठेवते.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीच्या पोटात बसून मी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात आले आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या पेलिकन बाइट गावच्या पोलीस चौकीत रुजू झाले. पांढरा रंग, कमरेला निळा पट्टा, मागे उघडा हौदा. माझी जागा चौकीच्या खिडकीखाली, बदामाच्या झाडाच्या सावलीत. समोरच बसथांबा. त्यामुळे चौकीत काय बोललं जातं आणि रस्त्यावर काय घडतं, ते सगळं मला घरबसल्या कळे.

पहिले सार्जंट फार चांगले होते. दर रविवारी चर्चमधून आले की स्वतः बाही वर करून मला धूत. एकदा मोठं वादळ झालं, नदी पुलावरून वाहू लागली, तेव्हा मी गावातली म्हातारीकोतारी आणि कच्चीबच्ची हौद्यात भरून उंचावरच्या शाळेत पोचवली. एका बाईचं बाळंतपण तर माझ्या हौद्यातच झालं. लोक येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारत. त्या थापेसाठी मी किती खड्डे सोसले, ते माझं मला ठाऊक.

मग सार्जंट टिलेट आले आणि माझे दिवस फिरले.

आमच्याकडे कुणी कुणाला मारहाण केली, की पोलीस एक फॉर्म देतात. तो डॉक्टरनं भरायचा असतो. जखम कुठे, किती खोल, हाड मोडलं का आणि मुख्य म्हणजे इजा साधी की गंभीर. त्या एका शब्दावर मारणारा समज देऊन सुटतो किंवा तुरुंगात जातो. भरलेला फॉर्म हॉस्पिटलमधून आणून कोर्टात ठेवणं हे पोलिसांचं काम. पोलिसांचं, बरं का! जखमी माणसाचं नव्हे, त्याच्या हाती हॉस्पिटल तो देतही नाही. आणि मला सरकारनं विकत घेतलं ते अशाच कामांसाठी.

एके सकाळी मिस फिलो चौकीच्या पायऱ्या चढून आली. फिलोमिना लांबे तिचं नाव. कसावाचा कंद किसून त्याच्या मोठ्या, पातळ भाकऱ्या भाजायची आणि टोपलीत घालून विकायची. त्या दिवशी तिच्या डाव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता आणि टॉवेल लाल झाला होता. तिनं घराबाहेर काढलेला तिचा नवरा, बोटवाला डेल्बर्ट ग्लॅडन, यानं तिच्यावर कोयता चालवला होता.

"बस, बस, मिस फिलो," सार्जंट म्हणाले. "काय हे! तुम्हा नवरा-बायकोचं रोजचंच झालंय."

"नवरा नाही तो माझा. दोन पावसाळे झाले हाकललाय त्याला. सर, मला हॉस्पिटलात न्या."

"नेलं असतं गं. पण गाडीत डिझेल नाही. हा घे फॉर्म. बस येईलच इतक्यात. डॉक्टरकडून भरून घे."

मित्रांनो, माझी टाकी अर्धी भरलेली होती! मी ओरडून सांगितलं असतं, पण गाडीला हॉर्न असतो, जीभ नसते. आणि हॉर्न वाजवायलाही माणूस लागतो. मिस फिलो एका हातात फॉर्म धरून बसच्या दांड्याला कोपरानं लटकली आणि गेली. दुपारी सार्जंटनी मला काढलं आणि ग्लॅडनच्याच धक्क्यावर नेलं. तिथून बर्फात घातलेली मासळी हौद्यात चढवून आपल्या घरी उतरवली. ग्लॅडन मासळी फुकट देत होता, आणि का देत होता ते शेंबडं पोरही सांगेल.

चौकीत कॉन्स्टेबल चोक नावाची एक मुलगी होती, एल्विरा चोक. डोंगराकडच्या माया जमातीतली, ठेंगणी, कमी बोलणारी. मला चालवायला बसली की सीटवर उशी घ्यायची. तिनं ग्लॅडनवर केस नोंदवली. तो जामिनावर सुटला आणि सगळं घोडं अडलं डॉक्टरच्या रिपोर्टपाशी, म्हणजे त्या भरलेल्या फॉर्मपाशी. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं तुमच्याकडे म्हणतात ना? आमच्याकडे वेगळं काही नाही.

मिस फिलो येऊन विचारायची, "सर, रिपोर्ट आणला?"

"डिझेल नाही."

पुन्हा यायची. "सर, आता तरी?"

"अगं, सरकारनं डिझेल दिलं तर आणीन ना! गाडी काय तुझ्या कसावाच्या रसावर चालते?"

आणि एकदा तर कमाल झाली. सार्जंटच्या मेहुण्याच्या गाण्याबजावण्याच्या पार्टीसाठी मी भलेमोठे लाउडस्पीकर वाहून नेत होते. रस्ता हॉस्पिटलच्या फाटकासमोरून जातो. फाटक उघडं होतं, आतला कारकून खिडकीत बसून केळं खात होता, आणि रिपोर्ट त्याच्या मागच्या कपाटात होता. सार्जंटनी वेगसुद्धा कमी केला नाही! माझ्या इंजिनाचा असा संताप झाला की पुढच्या चढावर पाणी उकळलं. ते मला शिव्या देत खाली उतरले. म्हटलं, द्या. खुशाल द्या.

शेवटी चोकनं आपल्या सुट्टीच्या दिवशी, बसचं तिकीट स्वतः काढून, तो रिपोर्ट आणला. आणला आणि कोर्टात आपटला. हॉस्पिटलचे डॉक्टर ओस्मानी क्यूबाचे. क्यूबाचे डॉक्टर आमच्याकडे ठरावीक मुदतीसाठी येतात आणि मुदत संपली की परत जातात. माणूस देवासारखा, पण त्यांनी सगळा रिपोर्ट लिहिला होता आपल्या स्पॅनिशमध्ये. आमच्या कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, त्याच डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून, सही घेऊन आणा. आणखी एकच तारीख देतो. पुढच्या वेळी रिपोर्ट नसेल तर केस काढून टाकीन.

कोर्टातून परत आल्यावर ग्लॅडन माझ्या हौद्याला रेलून मिस फिलोची वाट पाहत उभा राहिला. ती बसमधून उतरताच गोड आवाजात म्हणाला, "फिलो, केस सुटली की घरी येतो हं. माझं ताट वाढून ठेव. आणि नाही म्हणायचं असेल, तर तुझा दुसरा हात अजून शाबूत आहे, नाही का?"

मिस फिलोचा डावा हात कोपरापासून वाकडा जुळला होता आणि बोटांत कंद धरवत नव्हता. ती तशीच घरी गेली. त्या रात्रीपासून तिनं दाराला आतून पलंग लावून झोपायला सुरुवात केली, असं तिनंच चोकला सांगितलं.

चोकनं सार्जंटना विनवलं. एकदा नाही, रोज. "सर, हॉस्पिटलात फोन केला होता मी. डॉक्टर ओस्मानींची मुदत संपली. ते शुक्रवारी देश सोडून चाललेत. आज गुरुवार आहे, सर."

"मग मी काय करू? विमान अडवू?"

"गाडी द्या. मी जाऊन सही घेऊन येते."

"रविवारी माझ्या पुतण्याचा बाप्तिस्मा आहे. खुर्च्या आणायच्यात गाडीनं."

"सर, रविवार अजून लांब आहे."

"तू नवीन आहेस, चोक. सोमवारी बघू."

सोमवारी बघू! सोमवारी डॉक्टर समुद्रापलीकडे, केस कचऱ्यात आणि ग्लॅडन फिलोच्या ताटावर. हे सार्जंटना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच सोमवार.

शुक्रवारी सकाळी सार्जंटच्या माणसांनी माझ्या हौद्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचल्या आणि दोरी न बांधताच चहाला गेले. चोक बाहेर आली. तिनं खिडकीतून हात घालून खिळ्यावरची माझी किल्ली काढली. उशी सीटवर टाकली. थांब्यावर उभ्या असलेल्या मिस फिलोला तिनं हाक मारली, "या, बसा. हात सांभाळून."

"सार्जंट काय म्हणतील गं?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. बसा!"

मित्रांनो, त्या दिवशी मी पळाले! कित्येक वर्षांत माझ्याकडून असं कुणी काम घेतलं नव्हतं. संत्र्यांच्या बागांमधून रस्ता वळणं घेत जातो. प्रत्येक वळणावर हौद्यातली एकेक खुर्ची उडी मारत होती. बागेतले मजूर टाळ्या पिटत ओरडत होते, "अरे, सरकार खुर्च्या वाटतंय!" मिस फिलो मागे वळून बघायची आणि म्हणायची, "गेली गं आणखी एक." चोक म्हणायची, "जाऊ दे." तिसऱ्यांदा असं झाल्यावर दोघी खो-खो हसत सुटल्या.

हॉस्पिटलात पोचलो तर डॉक्टर निघून गेले होते. विमानतळाची बस तिठ्यावरून सुटते, नुकतेच तिकडे गेले, असं कारकून म्हणाला. चोकनं मला जागच्या जागी वळवलं. तिठ्यावर बस उभी होती, ड्रायव्हर आत चढत होता आणि डॉक्टर ओस्मानी पेटी टपावर चढवून घेत होते. चोकनं मला थेट बसच्या आडवं घातलं.

"ए बाई, मरायचंय का?" ड्रायव्हर खेकसला.

"पोलीस!" चोक म्हणाली. एवढंच. पण अशी म्हणाली की ड्रायव्हर गुपचूप खाली उतरला.

सगळं ऐकल्यावर डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "मी तो रिपोर्ट त्याच दिवशी लिहिला होता. त्याच दिवशी! भाषा चालत नाही हे मला कुणी येऊन सांगायचं नाही? इतके महिने कुठे होते तुमचे लोक?"

चोकनं मान खाली घातली. तिची काय चूक होती, सांगा? पण मान तिनं घातली.

"दाखवा हात," डॉक्टर मिस फिलोला म्हणाले. भर रस्त्यात, बसमधले सगळे खिडक्यांतून बघत असताना, त्यांनी तो हात हळूच वळवून पाहिला, बोटं एकेक करून मिटायला लावली. मग कोरा फॉर्म माझ्या बॉनेटवर पसरला. बॉनेट तापलेलं होतं, म्हणून मिस फिलोनं डोक्याचा रुमाल सोडून खाली घातला. डॉक्टर इंग्रजीत सावकाश, एकेक शब्द जुळवत लिहू लागले. कुणी बसमधून ओरडलं, "दोक्तोर, विमान चुकेल!" ते मान वर न करता म्हणाले, "चुकू दे." त्यांनी लिहिलं: हाड मोडलेले, शिरा तुटलेल्या, इजा गंभीर. सही केली. मग टपावरची पेटी उतरवायला लावून, मोज्यांच्या घड्यांतून आपला नावाचा शिक्का शोधून काढला आणि माझ्या बॉनेटवर असा ठोकला की माझ्या अंगभर शहारा आला.

वादळात माणसं वाहून नेली त्या दिवसाइतकीच मी त्या दिवशी स्वतःवर खूश होते.

कोर्टात रिपोर्ट मान्य झाला. ग्लॅडनला तुरुंगवास झाला आणि पोलिसांनी त्याला माझ्याच हौद्यात बसवून नेलं. मिस फिलोनं दारामागचा पलंग पुन्हा भिंतीकडे सरकवला.

इथेच कहाणी संपली असती तर मी एवढी भडकले नसते. पण ग्लॅडन आत गेला, फुकटची मासळी बंद झाली आणि सार्जंट टिलेटना अचानक खुर्च्या आठवल्या. कॉन्स्टेबल चोक हिनं परवानगीवाचून सरकारी गाडी नेली, धार्मिक कार्यासाठीच्या खुर्च्या हरवल्या, वरिष्ठांचा हुकूम मोडला. तक्रार त्यांनी दुपारच्या जेवणाआधी टाइप करून घेतली. इंग्रजी अगदी अचूक. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. आणि ती हेडक्वार्टरला पोचवायची म्हणून कुणाला काढलं, ठाऊक आहे? मला! टाकी काठोकाठ भरली, चाकांत हवा भरली, काचसुद्धा पुसली. त्याच रस्त्यानं, हॉस्पिटलच्या त्याच फाटकावरून, चोकच्या विरोधातला तो कागद मी संध्याकाळच्या आत नेऊन दिला. मी बंद पडायचा खूप प्रयत्न केला, पण डिझेल चांगलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

चोकची बदली थेट सरहद्दीवरच्या चौकीत झाली, जिथे गाडीच नाही. जायच्या दिवशी मिस फिलोनं तिच्या पिशवीत भाकऱ्या कोंबल्या. आता कंद किसायला ती पुतणीला बसवते, भाजते मात्र स्वतः, एका हातानं. "तुझं माझ्यामुळे झालं गं हे," ती रडत म्हणाली.

"तुमच्यामुळे नाही, मिस फिलो," चोक म्हणाली. "आणि पुन्हा वेळ आली, तर मी पुन्हा किल्ली काढीन. मात्र खुर्च्या बांधून नेईन."

पुढे मला 'निकामी' ठरवून चौकीमागे ढकललं. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण ते कुणी विचारत नाही.

मित्रांनो, मला धुऊ नका, रंग लावू नका, माझ्यासाठी हळहळू नका. मी लोखंड आहे. पण तुमच्यातलं कुणी उद्या पोलीस होईल, कुणी डॉक्टर, कुणी कारकून होईल. त्या दिवशी तुमच्या दारात एक बाई रक्तानं भिजलेला हात धरून येईल आणि तुमच्या जिभेवर 'सोमवारी बघू' येईल. तेव्हा जीभ चावा. तिच्या हातात कोरा फॉर्म देऊन तिला बसनं पाठवू नका. उठा, आणि तिला घेऊन स्वतः जा.