खोडता न येणारी नोंद

शोभाताईंनी नागपूरच्या एका दैनिकात शहराच्या पानावर अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी आलेल्या प्रेसनोटा टोपलीत टाकण्यात गेली, असं त्या स्वतःच सांगत. निवृत्त होऊन शहराच्या कडेला बेसाला राहायला आल्या, तेव्हा आता या जन्मात प्रेसनोट दिसायची नाही, अशी त्यांची समजूत होती. पण वरच्या मजल्यावर अंकुर भाड्यानं राहत होता.

अंकुर उमरेडच्या विणकराच्या घरातला. इंजिनिअर होऊन सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि नोकरी सांभाळून त्यानं ब्लॉकचेनवर स्वतःचं एक काम उभं केलं. त्याची प्रेसनोट सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवली. कुणी छापली नाही. तेव्हा एका रविवारी सकाळी तो कागद घेऊन खाली आला.

“ताई, जरा बघा ना. काय कमी आहे?”

ताईंनी चष्मा लावला. पहिलं वाक्य सात ओळींचं होतं. त्यात ‘क्रांतिकारी’ दोनदा, ‘विकेंद्रित’ तीनदा आणि ‘परिवर्तनाची नांदी’ एकदा. क्रियापद शोधत ताई दुसऱ्या पानापर्यंत गेल्या.

“कमी काहीच नाही गा. लग्नपत्रिकेसारखं सगळं आहे, फक्त लग्न कोणाचं ते नाही. कागद ठेव बाजूला. तू करून काय राहिला, ते सांग मले.”

अंकुरनं सांगितलं. हातमागाच्या साडीच्या कोपऱ्याला एक चौकोनी छाप असतो. त्यावर मोबाइल धरला की साडी कुणी विणली, किती दिवस लागले, सूत कुठलं, ते दिसतं. ही माहिती समजा एका वहीत लिहिलेली असते. त्या वहीच्या नकला ठिकठिकाणच्या कॉम्प्युटरवर असतात, म्हणून एकदा लिहिलेलं कुणालाच खोडता येत नाही.

“मग हेच लिही ना!”

“पण यात इनोव्हेशन दिसत नाही, ताई.”

“आणि कागदावरचे हे पाचशे विणकर कुठं आहेत?”

“सध्या अकरा आहेत.”

“बाकीचे?”

“ते व्हिजन आहे.”

“व्हिजनले जनगणनेत नको घालू.”

शेवटच्या परिच्छेदात ‘उमरेडकॉइन’ नावाच्या नाण्याची घोषणा होती. ताईंनी विचारलं, “हे घेऊन तुझ्या आईले काय मिळंन?” अंकुरनं कागद पुढं ओढला. मग ताईंचाच पेन घेऊन ती ओळ खोडली.

“आता चल उमरेडले,” ताई उठल्या. “डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी बातमीले हात लावत नाही.”

दुपारी दोघं उमरेडला पोचले. पुढच्याच खोलीत माग होता आणि अंकुरची आई भागीरथाबाई त्यावर बसल्या होत्या. वडील गुलाबचंद यांनी पाहुण्यांचा ताबा घेतला. छाप लावलेली पहिली साडी त्यांनी अभिमानानं उलगडली. ताईंनी मोबाइल धरला. पडद्यावर आलं: विणकर, गुलाबचंद. दिवस, पंधरा.

“पंधरा दिवसांत एवढी साडी?” ताईंनी विचारलं.

“हो ना! पंधरा म्हणजे... सोळा समजा,” गुलाबचंद म्हणाले.

“एकवीस,” मागावरून आवाज आला. भागीरथाबाईंनी मान वर केली नव्हती. “एक दिवस लाइन नव्हती, अंधारात बसता आलं नाही, तो धरला तर बावीस.”

ताईंनी मोबाइल खाली ठेवला. “ही तुम्ही विणली?”

“मंग कोण विणंन? ह्याइचा खांदा गेला तवापासून मीच बसतो मागावर. चार साल झाले.”

“मग नाव काहून नाही तुमचं?”

“माहं नाव कोठं रायते, बाई? पोरानं फारम भरला, बापाचं टाकलं. मले वाटलं, सरकारी काम असंन.”

अंकुरचे कान लाल झाले. गुलाबचंद उगाच साडीची घडी घालू लागले.

“लगेच बदल,” ताई म्हणाल्या.

“बदलता येत नाही, ताई. तेच तर...”

“तेच तर तुझ्या प्रेसनोटमध्ये ठळक अक्षरांत आहे.”

खाली नवीन नोंद करता येईल, पण जुनी तशीच वर राहील, असं अंकुरनं हळू आवाजात सांगितलं.

“म्हणजे मी जलमभर खोटाच दिसणार का गा?” गुलाबचंद घाबरले. “धोट्यातल्या सुताच्या कांड्या तर मीच भरून देतो ना!”

“राहू दे वरचं,” भागीरथाबाई म्हणाल्या. “खाली खरं लिही. अन् ह्याइच्या कांड्या बी लिही, नाहीतर रात्री जेवाचे नाही.”

त्यानंतर अंकुर बाकीच्या दहा घरी गेला. सहा घरांत हीच गत निघाली: मागावर बाई आणि वहीत बुवा. सगळ्या नोंदी नीट करण्यात त्याचे पुढचे तीन रविवार गेले. काही घरी चहा मिळाला, एका घरी नवऱ्यानं दारातूनच परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईनं स्वतः फोन करून नाव सांगितलं.

प्रेसनोट पुन्हा लिहायला बसले, तेव्हा अंकुर अडला. “आपली चूक आपणच छापायला द्यायची?”

“तुझी वही कोणाले चूक लपवू देत नाही ना? मग तू काहून लपवून राहिला?”

त्यानं लिहिलं, ताईंनी कापलं. त्यानं परत लिहिलं, ताईंनी परत कापलं. उरलं ते दहा ओळींचं. पहिली ओळ होती: ‘उमरेडच्या भागीरथाबाईंनी एकवीस दिवसांत विणलेल्या साडीवर सहा महिने त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, आता त्यांचं स्वतःचं आहे.’ ‘ब्लॉकचेन’ हा शब्द पाचव्या ओळीत एकदाच आला. त्याला आणखी वर चढवण्यासाठी अंकुर दोन दिवस भांडला आणि हरला.

प्रेसनोट पाठवल्यावर चौथ्या दिवशी एका दैनिकाचा वार्ताहर उमरेडच्या घरी आला. गुलाबचंद इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते.

“बाबाजी, बसा मागावर. फोटो घेतो,” वार्ताहर म्हणाला.

गुलाबचंदांनी एक पाय मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात टाकला. मग पाय बाहेर काढून त्यांनी आत हाक मारली, “भागीरथा, ये वं. तुहं काम हाय.”

“थांबा, कणीक मळून राहिली,” आतून उत्तर आलं.

वार्ताहर थांबला. गुलाबचंदांनी तोवर त्याला कांडी कशी भरतात ते सगळं समजावून सांगितलं. बातमी शनिवारी पाचव्या पानावर आली. अंकुरचं नाव त्यात कुठंच नव्हतं, त्यानं तीनदा वाचून खात्री केली. फोटोत भागीरथाबाई मागावर होत्या, त्यांच्या बोटाला थोडी कणीक लागलेली होती, आणि कडेनं कांडी धरलेला एक हात चौकटीत शिरला होता.