जास्तीचे विषय

ज्या ऑफिसात आल्या माणसाला पाणीसुद्धा विचारत नाहीत, तिथं अक्कल ती काय असणार, असं शैलाबाईंचं साफ मत होतं.

स्टुटगार्टच्या एका विद्यापीठात त्या मुलगा शिरीष आणि नात वल्लरी यांच्या मधोमध ठाण मांडून बसल्या होत्या. टेबलापलीकडे चष्मेवाली बाई. वल्लरीनं दोन वर्षं होखशुलेत, म्हणजे धाकट्या कॉलेजात काढली होती; आता तिला इथं यायचं होतं. आज ठरलं नाही तर जागा दुसऱ्याला.

"काय म्हणते रे ही?"

"आई, वल्लरीची क्रेडिटं जास्त झालीत. सगळी मोजली तर ती थेट पाचव्या झेमेस्टरला, म्हणजे पाचव्या सहामाहीला बसते. तिथं जागा नाही. तिसऱ्यात आहे."

"मग तिसऱ्यात घाला म्हणावं."

"जास्त शिकलेल्याला खाली बसवत नाहीत."

"वा! ढ असती तर पायघड्या घातल्या असत्या मेल्यांनी!"

वल्लरीनं कॉलेजात हौसेनं केलेलं जपानी, थ्रीडी छपाई, उन्हाळी वर्ग, सगळ्याची सर्टिफिकेटं शिरीषनं अर्जाला जोडली होती. त्याची बायको नीता म्हणाली होती, "अहो, मागितलंय तेवढंच द्या." तिला शैलाबाईंनीच गप्प केलं होतं. फाईल जाड दिसली की साहेब वचकतो, हे त्यांना दुसऱ्या यत्तेपासून, म्हणजे शाळा सुटल्यापासून ठाऊक होतं.

शिरीष हळू आवाजात बाईला काही समजावू लागला.

"भांड की जरा! नंदीबैलासारखा मान काय डोलावतोस? इंजिनिअर ना तू?"

एवढ्यात वल्लरी पुढे सरकली आणि जर्मनमध्ये घडाघडा काहीतरी बोलली. बाई पहिल्यांदाच हसली. कीबोर्ड खडखडला.

"आता हिला दात काढायला काय झालं?"

"आजी, मी सांगितलं, जास्तीचे विषय मोजू नका. तिसऱ्यात जागा मिळाली."

"कुणाला विचारून?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

शिरीष छताकडे बघू लागला. त्यांच्या घरात पडद्याचा रंगसुद्धा शैलाबाईंना विचारल्याशिवाय ठरत नसे. त्यांनी नातीकडे डोळे वटारले. पोरीनं नजर खाली घेतली नाही. तेवढ्यात बाईनं पुढे केलेला हातही तिनं हातात घेतला. शैलाबाईंनी पदर सावरला आणि कुणाची वाट न बघता बाहेर चालू लागल्या.

एस-बानच्या लोकलमध्ये त्या दोघांकडे पाठ करून बसल्या. घर जवळ आलं तेव्हा सांगलीहून धाकट्या जावेचा फोन आला.

"झालं बाई वल्लरीचं," शैलाबाई अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "शिकली होती इतकी, की यांच्या वर्गात मावेना. शेवटी आम्हीच थोडं सोडून दिलं, जाऊ दे म्हटलं, गरीब बिचारे. तुझ्या शार्दूलचं काय गं? सुटला का तो गणिताचा पेपर, का अजून देतोयच?"